खानखोजे, दाऊद अली आणि बलुचिस्तानची सीमा

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, आणि जिथे गरज पडेल तिथे उर्दूही. आमच्या वर्गात आडनाव हा कधीच न संपणारा विषय आहे. मराठी आडनावं मुलांना गमतीची वाटतात. मागच्या वर्षी असाच तास रंगला होता, तेव्हा मी फळ्यावर लिहिलं, 'पांडुरंग सदाशिव खानखोजे'. वर्ग हसायला लागला. खान पण आणि खोजा पण? आणि वर पांडुरंग?

मग त्यांना सांगितलं, की हा माणूस आपल्या शेजारचाच. १८८४ मध्ये वर्ध्याला जन्मला, शिकायला नागपूरला आला, पुढे अमेरिकेत गदर पक्षात गेला, आणि पहिल्या महायुद्धात इराणमधून बलुचिस्तानच्या सीमेवर इंग्रजांशी लढला. तिथे तो मुसलमान नाव घेऊन वावरत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, फिर तो ये धोका हुआ ना?"

घंटा झाली म्हणून मी सुटले. प्रश्न मात्र सुटला नाही. रामदासपेठेत विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथे जाऊन बसायची सवय बी.एड.च्या वेळेपासूनची, तीच पुन्हा कामी आली. माझा विषय इतिहास नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या मुलीला तेव्हा जे सांगता आलं नाही, ते इथे लिहून बघते.

मराठीत अशा माणसाला 'परागंदा' म्हणतात. शब्द मूळचा फारसी, अर्थ विखुरलेला. उर्दूत आम्ही 'जलावतन' म्हणतो. खानखोजे दोन्ही होते. टिळकांच्या राजकारणाने भारावलेला हा तरुण विशीतच देशाबाहेर पडला. लढाईचं शिक्षण हिंदुस्थानात मिळणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. कॅलिफोर्नियात माउंट तमालपाईसच्या लष्करी शाळेत त्याने ते घेतलं. जोडीला शेतकीची पदवी. बंदूक आणि नांगर एकाच वेळी शिकणारा माणूस म्हणून मला ते आवडतात, पण ते असो.

गदर पक्ष १९१३ चा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूड कारखान्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर आणि थोडे विद्यार्थी यांनी तो उभा केला. त्यात बहुसंख्य शीख, पण हिंदू-मुसलमानही होते. पक्षाच्या वृत्तपत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत निघाला, आणि तो उर्दूत होता. गुरुमुखीतला त्यानंतर आला. उर्दू ही फक्त मुसलमानांची भाषा, असं जे आज सहज बोललं जातं, ते त्या छापखान्यात कुणाला समजलंच नसतं. (उर्दू शिकवणाऱ्या बाईने हे सांगायची संधी सोडावी अशी अपेक्षा करू नका.) हरदयाळ लिहायचे, सोहनसिंग भकना संघटना बघायचे. लष्करी तयारीचा विचार करणाऱ्यांत खानखोजे होते.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि गदरवाल्यांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी दोन वाटा धरल्या. पहिली समुद्रावरून थेट हिंदुस्थानात. हजारो लोक निघाले, बरेचसे बंदरावर उतरताच पकडले गेले. जे पोचले त्यांनी लष्करी छावण्यांमध्ये फितुरी पेरायचा प्रयत्न केला. त्यांत तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता. २१ फेब्रुवारी १९१५ ही उठावाची तारीख ठरली. आत एक खबऱ्या बसला आहे हे कळल्यावर ती १९ वर आणली, तीही फुटली. पिंगळे मार्चमध्ये मीरतच्या घोडदळाच्या लाइनीत बॉम्बसह सापडला आणि १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभासोबत फासावर गेला.

दुसरी वाट पश्चिमेकडून. इस्तंबूल, बगदाद, इराण, बलुचिस्तान, आणि मग सिंध-पंजाब. खानखोजे या वाटेने निघाले. सोबत प्रमथनाथ दत्त नावाचा बंगाली होता, त्याने दाऊद अली हे नाव घेतलं. पुढे आगाशे नावाचा एक मराठी तरुणही होता, तो मुहम्मद अली झाला. नकाशावर ही योजना फार सुरेख दिसते. एका बाजूने पंजाब उठेल, दुसऱ्या बाजूने सीमेवरून फौज येईल, मधल्या इंग्रजाचा चेंदामेंदा. फक्त खानखोजे इराणच्या पूर्व टोकाला पोचेपर्यंत १९१५ चा उन्हाळा आला होता. पंजाब फेब्रुवारीतच संपला होता. ज्या घराचं दार बाहेरून फोडायचं होतं, त्या घरातली माणसं आधीच उचलून नेलेली होती.

हे एकच कारण पुरेसं आहे म्हणून थांबता आलं असतं. पण त्या मुलीचा प्रश्न इथून पुढे आहे.

तेव्हाचा इराण कागदावर तटस्थ होता. प्रत्यक्षात १९०७ च्या करारानेच रशिया आणि इंग्लंडने त्याचे पट्टे वाटून घेतले होते. उत्तर रशियाची, आग्नेय कोपरा इंग्रजांचा. दक्षिणेत इंग्रजांची तेलाची कंपनी. इराणी माणसाच्या मनात या दोघांबद्दल जो राग होता, तो खरा होता. त्या रागावर जर्मनांनी सोनं ओतलं. बुशहरच्या बाजूला वासमुस नावाच्या जर्मनाने तंगिस्तानी टोळ्या उठवल्या. करमानला गेला झुगमायर. हा मुळात प्राणिशास्त्रज्ञ, युद्धाच्या काही वर्षं आधी बलुचिस्तानात मासे गोळा करून गेला होता. मासे मोजणारा माणूस आता माणसं गोळा करायला आला. आपले परागंदा या जर्मन मंडळींबरोबर होते. करमानहून पूर्वेला बलूच मुलखात शिरायचं, बामपूरच्या सरदाराला आपलंसं करायचं आणि इंग्रजांच्या मकरानवर दाब आणायचा, असा बेत होता.

इथे दोन शब्द फार वापरले गेले, 'हिंदुस्थानची आझादी' आणि 'जिहाद'. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलच्या शेख-उल-इस्लामने इंग्रज, फ्रेंच आणि रशियनांविरुद्ध जिहादचा फतवा काढला होता. त्या फतव्यात जर्मन मात्र वगळलेले, कारण ते मित्र! बर्लिनमध्ये बसलेल्यांना वाटलं, बस, आता मोरोक्को ते बंगाल मुसलमान उठतील. जगभरच्या मुसलमानाला एक कळ असते, ती दाबली की तो उठतो, हा समज तेव्हाचा. आजही तो कुठे कुठे भेटतो, फक्त दाबणारे बदलले.

तसं झालं नाही. इराणी शिया, त्यांना सुन्नी खलिफाच्या हुकमाचं काय अप्रूप? नजफ-करबलाच्या काही उलमांनीही इंग्रजांविरुद्ध फतवे दिले, पण शिराजचा व्यापारी आणि डोंगरातला कश्काई सरदार आपापला हिशेब बघून चालले. बलूच सुन्नी खरे, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या मुलखातून मधोमध इराण आणि इंग्रज यांच्यामधली एक रेघ गेली होती, आणि ती ओलांडून मकरानवर धाड घालणं हा बामपूरवाल्यांचा जुना उद्योग होता. गदर आला म्हणून ते लढले नाहीत. ते लढतच होते, गदर त्यांना जाऊन मिळाला. या दोन गोष्टींतला फरक आपल्या लोकांना उशिरा कळला.

उलट, समोरच्या इंग्रज फौजेत कोण होतं? आपलीच माणसं, पंजाबी आणि पठाण मुसलमान कितीतरी. त्यांच्यासाठी उर्दूत पत्रकं वाटली गेली. परिणाम अगदीच झाला नाही असं नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीचे मुसलमान शिपाई उठले. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्याला पंधराव्या लान्सर्सच्या चारशेहून अधिक सैनिकांनी मुसलमानांच्या पवित्र भूमीवर चालून जायला नकार दिला आणि शिक्षा भोगली. ही माणसं खरी, त्यांची किंमतही खरी. पण बाकीची फौज लढत राहिली, कारण पोट, पलटण, गावाकडची जमीन आणि खाल्ल्या मिठाची जाण हेही सगळं खरंच होतं. आमच्या समाजात या शिपायांबद्दल कुणी बोलत नाही, ना नकार देणाऱ्यांबद्दल, ना लढणाऱ्यांबद्दल.

इंग्रजांनी काय केलं, ते साधं होतं आणि परिणामकारक होतं. रशियनांबरोबर मिळून इराणच्या पूर्व सीमेवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पहाऱ्याची साखळी लावली. हिंदुस्थानच्या बाजूने नुश्कीपर्यंत रेल्वे होतीच, तिथून पुढे उंट. मार्च १९१६ मध्ये पर्सी साइक्स बंदर अब्बासला उतरला आणि त्याने इराणी शिपाई भरती करून साउथ पर्शिया रायफल्स उभी केली. त्याच वर्षी सरहद नावाच्या त्या कोरड्या बलूच मुलखात टोळ्यांना वठणीवर आणायला एक ब्रिगेडियर पाठवला गेला. त्याचं नाव रेजिनाल्ड डायर.

हो, तोच. जालियनवाला बागेचा डायर, तीन वर्षं आधीचा. सरहदवर त्याच्याकडे फौज थोडी होती. मोठ्या फौजेची हूल उठवून, धाक दाखवून त्याने बलूच सरदारांना शरण आणलं. नंतर यावर अभिमानाने एक पुस्तकही लिहिलं, ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे अमृतसरनंतर. 'थोड्या लोकांनी मोठा धाक बसवायचा' ही त्याची जी समजूत होती, तिला सरहदने बळ दिलं असावं, असं मला वाटतं. आपल्या पाठ्यपुस्तकात तो एकदम १३ एप्रिल १९१९ ला उगवतो, मागचं-पुढचं काही नसल्यासारखा.

साखळी आवळत गेली तसे जर्मन मागे सरकले. १९१६ च्या वसंतात करमान सोडावं लागलं. सोनं संपलं तसे सरदारही पांगले. काहींनी दोन्हीकडून घेतलं होतं, त्यांना दोष देववत नाही. पाहुणे उठून जाणार, इंग्रज इथेच राहणार, एवढं त्यांना दिसत होतं. खानखोजे पकडले गेले आणि निसटले. कश्काई टोळ्यांच्या आसऱ्याने राहिले, त्यांच्या लढायांत लढले. ११ मार्च १९१७ ला बगदाद इंग्रजांनी घेतलं आणि पश्चिमेकडून येणारी उरलीसुरली रसदही बंद झाली. १९१८ मध्ये कश्काईंनी शिराजभोवती पुन्हा जोर केला, तोही मोडला. वर दुष्काळ आणि इन्फ्लुएंझा.

शिराजमध्ये आणखी एक माणूस होता, सुफी अंबाप्रसाद. मुरादाबादचा हिंदू, उर्दूतला पत्रकार, उजवा हात नव्हता. १९०९ मध्ये भगतसिंगांचे काका अजितसिंग यांच्याबरोबर तो इराणला पळाला आणि शिराजमध्ये मुलांना शिकवत राहिला. लोकांनी त्याला आपलं मानलं. युद्धात तो इंग्रजांच्या हाती लागला आणि शिराजच्या मातीतच गेला. त्याने 'सुफी' म्हणवून घेतलं ते सोंग होतं का? हिंदुस्थानात असतानाही तो स्वतःला सुफीच म्हणवत असे.

याच वेळी दुसऱ्या सीमेपलीकडे, काबूलमध्ये, असाच एक डाव मांडला गेला होता. जर्मन-तुर्की शिष्टमंडळ २ ऑक्टोबर १९१५ ला तिथे पोचलं, आणि १ डिसेंबरला हिंदुस्थानचं हंगामी सरकार जाहीर झालं. अध्यक्ष राजा महेंद्र प्रताप, पंतप्रधान मौलाना बरकतुल्लाह भोपाली, गृहमंत्री मौलाना उबेदुल्लाह सिंधी. अमीर हबीबुल्लाहने सगळ्यांना पाहुणचार दिला, आश्वासनं दिली आणि इंग्रजांकडून मिळणारा तनखाही चालू ठेवला. रेशमी रुमालांवर लिहिलेली पत्रं १९१६ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या हाती पडली. देवबंदचे शेख-उल-हिंद महमूद हसन हिजाजमध्ये पकडले गेले आणि माल्टाच्या कैदेत १९२० पर्यंत राहिले.

आमच्याकडच्या जलशांत ही रेशमी रुमालाची गोष्ट सांगितली जाते, अगदी डोळ्यांत पाणी आणून. पण सांगताना राजा महेंद्र प्रताप हळूच गाळले जातात. आणि खानखोज्यांची गोष्ट जिथे सांगितली जाते, तिथे दाऊद अली हे नाव 'वेषांतर' या एका शब्दात उरकतं. दोन्हीकडे अर्धी अर्धी गोष्ट. बरकतुल्लाह टोकियोत हिंदुस्थानी शिकवत, तिथून नोकरी गेल्यावर अमेरिकेत येऊन गदरमध्ये काम करू लागले, म्हणजे खानखोजे आणि ते एकाच पक्षातले. हे दोन डाव वेगवेगळ्या खोल्यांतले नव्हते.

आता तिचा प्रश्न. धोका होता का?

मला वाटतं, एका बाबतीत होता. परक्या राजधानीत बसून, दुसऱ्याच्या धर्मातला सगळ्यात जड शब्द उचलायचा आणि तो गरीब टोळीवाल्याच्या हातात द्यायचा, ज्या लढाईचा निकाल बर्लिनच्या सोयीने ठरणार आहे तिच्यासाठी. हे मला पटत नाही. यात जर्मन सगळ्यात दोषी, पण आपल्या लोकांनीही तो शब्द वापरू दिला. आणि त्याने काम झालं नाही ते बरंच झालं. झालं असतं तर नंतर तो शब्द परत कुणी आणला असता?

पण नावाबद्दल मी त्या मुलीशी सहमत नाही. नाव घेऊन लांब तंबूत बसणं वेगळं, आणि त्या नावाने त्यांच्यात राहणं, त्यांची भाकरी खाणं, त्यांच्याबरोबर जखमी होणं वेगळं. कश्काईंनी पळून आलेल्या परक्याला आसरा दिला तेव्हा त्यांच्याही मानेवर सुरी होती. या नावावर विश्वास ठेवून कुणी हाकलून दिलं नाही, आणि खरं कळल्यावरही कुणी इंग्रजांना विकलं नाही, असे दिवस खानखोज्यांनी काढले. वर्ध्याच्या पांडुरंगाला जीव वाचवायला मुसलमान नाव लागलं, हे वाचताना मी ग्रंथालयात थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते. त्याच आठवड्यात याच रामदासपेठेत एका घराबद्दल फोन केला होता. भाडं ठरलं, अनामत ठरली, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला आहे तेही विचारून झालं. मग त्यांनी नाव विचारलं. नाव सांगितलं. "घरात विचारून सांगतो," म्हणाले. अजून घरात विचारणं चालू असेल. नावाने दार उघडतं आणि नावाने बंद होतं, मला हे शिकायला इराणला जायची गरज पडली नाही.

उठाव फसला, यात वाद नाही. नागपूरकरांना सीमेपलीकडून येणारा आणि न पेटणारा उठाव तसा नवीन नाही. ऑक्टोबर १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले होते, नागपूर उठेल या आशेने. नागपूर उठलं नाही. तेव्हा पेशव्यांच्या नावाने हाक होती, नंतर खलिफाच्या. ज्यांना हाक मारली त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, एवढं दोन्हीकडे सारखं.

खानखोजे त्यानंतर बर्लिनला गेले, १९२१ मध्ये मॉस्कोला, आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत. तिथे पांडुरंग खानखोजे म्हणूनच राहिले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जाती सुधारल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेराच्या एका भित्तिचित्रात ते दिसतात, भाकरी वाटली जात असलेल्या टेबलापाशी. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. नागपुरात रामदासपेठेच्या अंगालाच, महाराजबागेशी, शेतकी महाविद्यालय आहे. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या दोन मुलांना मी सहज विचारलं, खानखोजे माहीत आहेत का? एकाने विचारलं, "कोणत्या बॅचचे?"

देश स्वतंत्र झाला तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. घरी परतायचं म्हणून अर्ज केला. तो आधी नाकारला गेला. इंग्रजांनी केलेली बंदी घातलेल्यांची यादी नव्या सरकारच्या कपाटात तशीच पडून होती, आणि तिच्यावर नाव होतं. दाऊद अली, मुहम्मद अली अशांपैकी कुठलं नव्हे. पांडुरंग सदाशिव खानखोजे. ती गाठ सुटायला वेळ लागला. पुढे ते नागपुरात येऊन राहिले आणि जानेवारी १९६७ मध्ये इथेच गेले.

हे सगळं त्या मुलीला सांगायचं आहे. ती आता अकरावीत दुसऱ्या कॉलेजात गेली. परवा बर्डीवर भेटली तर म्हणाली, "मॅडम, वो खान-खोजा का आगे क्या हुआ?"

म्हटलं, लंबा है, घर आ जा.